न गिळलेला घोट

रावेतच्या त्या सोसायटीत आमचे सर दारुडे म्हणून प्रसिद्ध होते. दर सोमवारी सकाळी कचरा नेणारी बाई त्यांच्या दारातून काचेच्या बाटल्या उचलायची आणि त्या एकमेकींवर वाजवत जिना उतरायची. लांब मानेच्या, परदेशी लेबलांच्या बाटल्या. एवढा पुरावा कुठल्याही सोसायटीला पुरतो. खरी गोष्ट अशी की या माणसानं जन्मात दारूचा थेंबसुद्धा गिळला नव्हता. तरीही वाइनबद्दल, त्यातही थंड समुद्राकाठच्या मळ्यांतल्या वाइनबद्दल, त्यांच्याइतकं नेमकं बोलणारा माणूस मला नंतर भेटला नाही. मी शोधला नाही असंही नाही.

सर चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीचे प्रमुख होते. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे लोखंडी पार्ट आम्ही बनवायचो. मी लातूरला इंजिनिअर होऊन आले, कुरुळीत दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या तावडीत सापडले. लाइनवरून आलेला एक पार्ट हातात फिरवून मी म्हणाले, "छान आलाय, सर."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "छान म्हणजे किती?"

मी पार्ट पुन्हा उलटा करून बघितला.

"छान हे मत झालं, मॅडम. मत घरी ठेवून यायचं. गेटवर डबा दाखवतो तसं सिक्युरिटीला दाखवायचं, की बघा, आज मत आणलेलं नाही."

त्यांच्या खोडी मोजायला बसले तर दिवस पुरायचा नाही, पण एक खोड सगळ्या कंपनीला माहीत होती. माल तपासणाऱ्या इन्स्पेक्टरना ते अधूनमधून पार्टचा एक ट्रे द्यायचे आणि त्यात एकच पार्ट दोनदा फिरवून आणायचे. सकाळी पास केलेला पार्ट दुपारी वेगळ्या जागी, वेगळ्या नंबरानं समोर यायचा. त्याच पार्टाला एकदा पास आणि एकदा नापास म्हटलं, की त्या इन्स्पेक्टरचा शिक्का काढून घ्यायचे. मग पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा द्यायची, तेव्हा शिक्का परत. "आधी बघणाऱ्याला तपासा, मग मालाला," असं ते म्हणायचे. माणसं चिडायची, मागे काहीबाही बोलायची. पण स्वतः सरही वर्षातून एकदा त्याच ट्रेसमोर बसायचे, त्यामुळे उघड कुणाला काही बोलता येत नसे. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी विषय काढला तर शांतपणे म्हणायचे, "तपासून बघायची सवय आहे मला. कोण नांदणार?"

माझं त्यांच्या घरी जाणं सुरू झालं ते तेलामुळे. पार्ट गंजू नयेत म्हणून त्यांना एक तेल लावतात. एके दिवशी सर माझ्या टेबलाजवळून जाता जाता थबकले, नाक वर केलं आणि म्हणाले, "तेल बदललंय." स्टोअरमध्ये विचारलं तर खरंच नवं पिंप फोडलं होतं. त्यांनी एक पार्ट माझ्या नाकाखाली धरला. "काय येतंय?"

मी वास घेतला. "रॉकेल," म्हणाले, "आणि मागून भिजलेले शेंगदाणे."

"आणखी?"

"आणखी कळत नाही."

या उत्तरावर ते इतके खूश झाले की मला वाटलं पगार वाढतोय. पण ते म्हणाले, "रविवारी अकराला घरी या. आई असते घरी. पोटभर जेवून यायचं नाही, अत्तर लावायचं नाही आणि आदल्या दिवशी लसणाची चटणी खायची नाही." लातूरच्या मुलीला यातली शेवटची अट सगळ्यात जड होती.

मला वाटलं तेलाचाच काहीतरी क्लास असेल. दार उघडलं तर टेबलावर पांढरी चादर, सहा काचेचे ग्लास, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या आणि मधोमध जुन्या बाजारातून आणलेली पितळेची भलीमोठी पिकदाणी. मी चप्पलसुद्धा काढली नाही. आमच्या घरी वाइन, बिअर, देशी असे भेद नाहीत, सगळ्याला मिळून एकच शब्द आहे. परत फिरायच्या बेतात होते तेवढ्यात दिवाणावर मेथी निवडत बसलेल्या आजी बोलल्या. सरांच्या आई त्या. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा.

"ये पोरी, बस. तसलं काय न्हाई हितं. त्यो पीत न्हाई. नुसती चूळ भरतो."

त्या एका वाक्यात वाइनच्या जगातल्या सगळ्या तोऱ्याची वाट लागली, आणि मी बसले.

सर आत होते. आतल्या खोलीतून वंदनेचा आवाज येत होता. थोड्या वेळानं आजीही मेथी बाजूला ठेवून आत गेल्या, आणि मायलेकांनी मिळून पंचशील म्हटलं. पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचं. ते म्हणून झालं, सर बाहेर आले, पाण्यानं तोंड धुतलं आणि पहिली बाटली उघडली. मी बघतच राहिले. हे त्यांचं दर रविवारी असंच चालायचं, याच क्रमानं, आणि त्यात काही विचित्र आहे असं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं.

त्यांची पद्धत अशी. ग्लास उजेडासमोर धरायचा, मग न हलवता वास घ्यायचा, मग हलवून. मग छोटा घोट तोंडात घेऊन जिभेच्या सगळ्या बाजूंना फिरवायचा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढायची. त्याचा आवाज गरम चहा ओढल्यासारखा यायचा. आणि मग पिकदाणीत थुंकायचं, एका धारेत, शिंतोडा न उडवता. "गिळायचं की थुंकायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न," ते म्हणाले. "नियम माझ्यापुरता आहे."

साहेबांसमोर थुंकायची मला लाज वाटली, म्हणून पहिल्या रविवारी मी सगळे घोट गिळले. शेवटच्या ग्लासापर्यंत मला सोसायटीची पाण्याची टाकीसुद्धा विनोदी वाटायला लागली होती. आजींनी मला पिठलं-भाकरी खाऊ घातली, दिवाणावर आडवं केलं आणि लेकाला म्हणाल्या, "आदी थुकाया शिकव तिला." त्यानंतर मी कुरुळीच्या खोलीत मोरीवर उभी राहून पाण्याच्या चुळा एका धारेत टाकायचा सराव करायचे. मैत्रिणींनी कारण विचारलं तर मी सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे. ते तसं खोटंही नव्हतं.

हे सगळं सुरू कसं झालं, ते सरांनी मला एकदा कंपनीच्या बसमध्ये सांगितलं. आमचे पार्ट दक्षिण आफ्रिकेतल्या एका गाड्यांच्या कारखान्यात जात. एका खेपेला बोटीत दमट हवा खोक्यांत शिरली आणि माल गंजून पोचला. सरांना तिकडे पाठवलं गेलं. दिवसभर तिथल्या लाइनवर उभं राहून ते चांगले-वाईट पार्ट हातानं निवडत. तिथला क्वालिटीचा म्हातारा साहेब त्यांचं काम बघून खूश झाला आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना आपल्या मेव्हण्याच्या मळ्यावर घेऊन गेला. मळा पार दक्षिणेच्या किनाऱ्यावर. भर उन्हाळा, तरी दुपारी समुद्रावरून असा गार वारा सुटायचा की वेलींची पानं उलटी व्हायची. त्या गारव्यानं द्राक्षं सावकाश पिकतात, त्यांचा आंबटपणा टिकतो. आपल्याकडच्या उन्हात साखर धावत पुढे जाते आणि आंबटपणा मागे राहतो, असं सर समजावून सांगायचे.

तिथे ग्लास पुढे आला. सर म्हणाले, मी घेत नाही. म्हातारा म्हणाला, घेऊ नका, पण वास तर घ्या, वासानं कुणाचं काय जातं?

"आधी कैरी आली," सर मला सांगत होते, आणि बस मोशीच्या सिग्नलला उभी होती. "कैरीचा गर नाही. देठ मोडल्यावर चीक येतो ना, तो. मग शाळेतली पाटी, ओल्या फडक्यानं पुसलेली. मग मीठ. मिठाला वास नसतो हे मला माहीत आहे. तरी मीठ."

सिग्नल सुटला, बस पुढे निघाली. "लहानपणी आम्ही पिंपरीत चाळीत राहायचो. वडील फिटर. ते कधी घेत नव्हते, पण पगाराच्या दिवशी संध्याकाळी चाळीच्या जिन्यात एक वास यायचा. मला दारूचा तेवढाच वास माहीत होता. मी तिला नाही म्हणालो ते बरोबरच केलं. पण ज्याला जन्मभर नाही म्हणायचं, ते आहे तरी काय, हे बघायला नको?"

त्या मळ्यातूनच त्यांनी आईला फोन लावला होता. विचारलं, तोंडात घेऊन थुंकली तर शील मोडतं का? आजींनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी सांगितलं, घशाखाली जाऊ देऊ नको, बाकी चालेल. मी नंतर आजींना विचारलं की त्या दिवशी विहारात जाऊन भन्तेजींना विचारून आलात का. आजी म्हणाल्या, "त्येंला इचारलं असतं तर त्ये न्हाई म्हनले असते. म्हनून इचारलंच न्हाई."

न पिणाऱ्या या माणसाकडे दारू पिण्याचा सरकारी परवाना होता, आणि तोही आजन्म. आपल्या राज्यात तो लागतो हे पिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असतं कोण जाणे, पण सर नियमाचे पक्के. परवाना हातात देताना तिथल्या कारकुनानं म्हणे त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांत परवाना मागायला स्वतःहून आलेला बहुतेक तो पहिलाच माणूस असावा.

सोसायटीत मात्र कुणी परवाना बघायला आलं नाही. बागेतल्या बाकावर बायकांनी आजींना घेरलं, की मुलाला आवरा, चांगल्या वस्तीत शोभत नाही. आजींनी चुळीची गोष्ट तिथेही सांगितली. कुणाला पटली नाही. एका मीटिंगमध्ये तर चेअरमननी सर जवळ आल्यावर त्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा प्रयत्न केला. सरांच्या ते लगेच लक्षात आलं. रागावायचं सोडून त्यांनी चेअरमनना विचारलं, "काय येतंय?" चेअरमन गोरेमोरे झाले. सर म्हणाले, "बडीशेप येत असेल. मघाशी खाल्ली. पण तुम्ही वास घेताना श्वास फार जोरात ओढता, त्यानं नाक लवकर थकतं."

त्यांच्या घरात दोन फ्रिज होते. एक आजींचा आणि एक वासांचा. कारखान्यात ओरखडा किती चालेल, किती चालणार नाही, हे दाखवायला एक हद्दीवरचा नमुना ठेवतात, त्याला लिमिट सॅम्पल म्हणतात. सरांनी वासांची लिमिट सॅम्पल केली होती. लोणच्याच्या बरण्यांत देठासकट कैरी, मोसंबीची साल, हिरवा पेरू, मुरूडहून आणलेले शिंपले, ओल्या पाटीचा तुकडा. दर पंधरवड्याला माल बदलायचा. एकदा आजींनी त्यातली कैरी आमटीत घातली. सर दुपारी बरणी उघडून बसले तर आत फक्त पाणी. त्यांनी आमटीचा वास घेतला आणि म्हणाले, "आई, लिमिट सॅम्पल फोडणीला टाकलंस." आजी म्हणाल्या, "मग? नासून गेली असती."  आम्ही तिघांनी ती आमटी भाताबरोबर खाल्ली आणि ती फार चांगली झाली होती.

रविवारच्या बैठकीला आणखी एकच माणूस नेहमी यायचा. हिंजवडीच्या एका आयटी कंपनीतला, माझ्याहून थोडा मोठा, वाइनचा कोर्स करून आलेला. पुण्यात बाहेरची वाइन विकणाऱ्या दुकानात त्याची आणि सरांची ओळख झाली होती. ट्रॅफिकमुळे तो कायम उशिरा यायचा आणि आल्या आल्या इंग्रजीत सुरू व्हायचा. पहिल्या दिवशी त्यानं एका ग्लासला "व्हेरी एलिगंट" म्हटलं आणि शेवटून दुसऱ्याला "फ्लॅट, सर, ॲक्च्युअली थोडी बोअरिंग." सरांनी दोन्ही ग्लासांखालच्या चिठ्ठ्या उलटल्या. एकाच बाटलीतले ग्लास होते ते. जुळं कुठल्या ग्लासांत लपलंय हे शोधणं हाच दर रविवारचा खरा खेळ होता, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. बिचारा लाल झाला. मला वाटलं हा आता परत यायचा नाही. पण पुढच्या रविवारी तो आला, आणि वेळेवर आला, म्हणजे हिंजवडीतून किती वाजता निघाला असेल याची कल्पना करा. त्याच्याबद्दल माझं मत तिथे बदललं.

तर अशी ती वर्षं गेली. सर निवृत्तीला आले. त्याच सुमारास पुण्यातल्या एका आयातदारानं त्यांना विचारलं, थंड किनाऱ्यांवरच्या वाइन आणायच्या आहेत, निवडायला तुम्ही याल का? पहिलं काम म्हणजे तिकडे जाऊन, मळ्यांवर फिरून, नव्या हंगामाच्या वाइन तपासायच्या. आणि तो किनारा नेमका तोच होता, जिथे त्यांनी पहिल्यांदा वास घेतला होता. त्यांना तिथे पुन्हा जायचंय हे आम्हाला कित्येक वर्षं माहीत होतं. त्यांनी पासपोर्ट नवा करून घेतला. लाइनवर चालताना शीळ घालायला लागले. सगळं शॉपफ्लोर चकित झालं.

पण मधे तो ताप येऊन गेला होता, जो तेव्हा सगळ्यांनाच येऊन गेला. सर बरे झाले, कामावर आले. मग एकदा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते ओट्यापाशी उभे राहून पेपर वाचत होते आणि शेजारी गॅसवर दूध करपत होतं. हॉलमध्ये मला वास आला. त्यांना आला नाही. आजी आतून काठी टेकत आल्या, गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं.  त्या घरात त्या माणसाच्या नाकाबद्दल शंका घेणं म्हणजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आयातदाराला होकार द्यायच्या आधी सर म्हणाले, "येत्या रविवारी मला ट्रेसमोर बसवा." पार्टसारखीच वाइनचीही परीक्षा ते वर्षातून एकदा द्यायचे, तेव्हा ग्लास भरायचं काम माझंच असायचं, आणि त्या वर्षीची परीक्षा झाली नव्हती. मी स्वयंपाकघरात दार लावून सहा ग्लास भरले. सगळ्या वाइन किनाऱ्याकडच्या, पांढऱ्या. पहिल्या आणि चौथ्या ग्लासात एकच. हिंजवडीवाला खुर्चीच्या कडेवर बसला होता. आजी दिवाणावर. त्या दिवशी त्यांनी हातात कुठलं निवडणं घेतलं नव्हतं.

सर एकेक ग्लास घेत गेले. पूर्वी वास घेताना त्यांच्या चेहऱ्यावर एक कुतूहल असायचं, दार वाजल्यावर कोण आलंय बघायला जाणाऱ्या माणसासारखं. त्या दिवशी ते दारापाशी उभे होते आणि कुणी येत नव्हतं. शेवटी म्हणाले, "दोन आणि पाच."

मी म्हणाले, "नाही, सर."

"पुन्हा लावा."

मी आत जाऊन पुन्हा लावले. बाहेर आणून मांडताना चादरीवर थोडं सांडलंही. त्यांनी पुन्हा सगळे ग्लास घेतले, पहिल्यापेक्षा सावकाश. पुन्हा चुकले.

 मग हिंजवडीवाल्यानं धीर केला. "सर, एक बोलू? थुंकल्यावर अर्धंच कळतं. घोट घशाखाली गेला की वास आतून नाकात चढतो, मागच्या बाजूनं. तो रस्ता तुम्ही कधी वापरलाच नाही. पुढचा रस्ता बंद असेल, मागचा चालू असेल. एक घोट गिळून बघा. फक्त एक. या धंद्यात सगळेच कधी ना कधी गिळतात."

सरांनी आईकडे पाहिलं नाही. पण आजीच बोलल्या. "घे," त्या म्हणाल्या. "एवढी वर्सं पाळलंस. एका घोटानं काय व्हतंय? मी सांगते ना, घे. माझी काय हरकत न्हाई."

मला तेव्हा मनापासून वाटत होतं की त्यांनी घ्यावा. त्यांनी ग्लास उचललाही. घोट तोंडात घेतला, आणि आम्ही तिघं त्यांच्या गळ्याकडे बघत राहिलो.  मग त्यांनी वाकून पिकदाणीत थुंकलं, एका धारेत, आणि रुमालानं ओठ टिपले.

"आपल्याकडे मास्टर असतो," ते हिंजवडीवाल्याला म्हणाले. त्याला कारखान्यातलं माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी नीट सांगितलं. "मखमलीच्या पेटीत ठेवलेला एक पार्ट. त्याच्यावरून आमची मापं तपासतात. कधीकधी माप बिघडतं, मास्टरला बसत नाही. तेव्हा माप बदलायचं. मास्टर घासायचा नाही."

आजींनी पदर डोळ्याला लावला. मला सरळ रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आयातदाराला फोन केला की मी नापास झालोय. त्याला वाटलं हे भाव वाढवून मागताहेत. त्यानं रक्कम वाढवली. सरांनी पुन्हा सांगितलं. त्यानं पुन्हा वाढवली. सर मला म्हणाले, "विचित्र माणूस आहे. नापास झालो की बढती देतो." शेवटी त्याला पटलं, तेव्हा त्यानं विचारलं, मग पाठवू कुणाला? सरांनी माझं नाव सांगितलं. मी घाबरून म्हणाले, सर, मला काय येतंय? ते म्हणाले, "कळत नाही तेव्हा तू कळत नाही म्हणतेस. बाकी शिकता येतं." तोपर्यंत ते मला मॅडम आणि अहो करत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा तू म्हणाले.

कंपनीतून रजा काढून मी गेले. तिथल्या टेबलावर माझ्याशेजारी मोठमोठी माणसं होती, आणि मला जे येत होतं ते मी सांगितलं, येत नव्हतं ते येत नाही म्हणाले. ते पुरलं. शेवटच्या दिवशी दुपारी एक ग्लास हातात घेऊन मी मळ्याच्या टोकाला गेले. समोर समुद्र होता, वारा असा की ओढणी हातात गुंडाळून धरावी लागत होती. मी सरांना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"कुठायस?"

"मळ्यात. समुद्र समोर आहे."

"सांग."

मी घोट घेतला आणि सांगायला लागले. मोसंबीच्या सालीची आतली पांढरी बाजू. भरती उतरल्यावरची वाळू. मीठ आहे, पण जिभेच्या फक्त कडांना. ते मधूनमधून हं म्हणत होते. माझं सांगून झालं आणि मी बाजूला गवतावर थुंकले.

"थुंकलीस?" सरांनी विचारलं.

"हो, सर. सवय."

पलीकडे आजींच्या कुकरची शिट्टी झाली.  

"आता एक घोट गिळ," ते म्हणाले. "आणि पुढं काय होतं ते मला सांग."

इतक्या रविवारांत त्यांनी हा प्रश्न कधी कुणाला विचारला नव्हता. आमच्यापैकी कुणी त्यांच्यासमोर गिळलं, तर ते ग्लासाकडे बघत राहायचे किंवा उठून पाणी आणायला जायचे. मी घोट घेतला आणि गिळला. मागून आजींचा आवाज आला, "गिळली का तिनं?" सर म्हणाले, "थांब, आई."

"थंड गेली, सर," मी म्हणाले. "पण खाली उतरल्यावर छातीत ऊब आली. आणि आता चव खालून परत वर येतीय. नाकात. मघाशी नव्हती ती. काय आहे ते कळत नाही."

"नको कळू दे. घाई नाही."

"मीठ सगळ्यात मागे राहिलंय."

"अजून आहे?"

"आहे."

"मग फोन ठेवू नकोस," सर म्हणाले.